स्टुलावरून खाली

दूध नुसतं सांडलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. पण ते उकळतं होतं आणि बाईंच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं, म्हणून निम्मी बिल्डिंग धावून आली. ओट्यासमोरच्या स्टुलावर उभ्या राहून बाई पातेलं उतरवत होत्या. वळताना स्टुलाचा एक पाय फरशीच्या सांध्यात रुतला आणि बाई, पातेलं, दूध, सगळंच एकदम खाली आलं. शेजारणीने बादली ओढून हात गार पाण्यात बुडवून धरला. डॉक्टरांनी मलम लावलं, पट्टी बांधली. बाईंचे यजमान गाडी चालवायला शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते शिकवणी अर्धवट टाकून, शिकणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून तसेच घरी आले. हाताकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, जरा बघून चढायचंस ना."

मायेनेच म्हणाले. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण बाईंना दुधापेक्षा ते वाक्य जास्त भाजलं. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षं त्या बघूनच चढत होत्या. चढायचं का, हे मात्र घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बाईंची उंची साडेतीन फुटांहून जेमतेम जास्त. जन्मापासूनच तशी. डॉक्टरांकडे त्याला एक लांबलचक नाव आहे, पण बाई ते वापरत नसत. "मी बुटकी आहे," असं त्या सरळ सांगत आणि पुढच्या कामाला लागत. कुणी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागलं, की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. बिल्डिंगमध्ये त्यांना कवळीबाई म्हणत. त्या नावाचा त्यांना राग नव्हता, उलट ते त्यांनी कमावलेलं होतं. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका कारखान्यात त्या कामाला होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांची प्लास्टरची मापं यायची, त्यावर बाई मेण चढवायच्या आणि एकेक दात बसवायच्या. शहरातली कितीतरी माणसं बाईंनी लावलेल्या दातांनी हसत होती, जेवत होती, सुनांशी भांडत होती.

त्या नोकरीला लागल्या तेव्हाचे मालक अबोल होते. पहिल्या दिवशी बाईंना उंच खुर्चीवर चढताना त्यांनी एकदा पाहिलं. दुपारी सुताराला बोलावलं आणि एका टेबलाचे पाय कापून घेतले. बस्स. ना भाषण, ना उपकार केल्याचा चेहरा. तेव्हापासून दिवसभर बाई जमिनीवर पाय टेकवून बसत, आणि संध्याकाळी घरी आल्या की पुन्हा चढायला लागत.

मास्तर आणि बाईंची ओळखही कवळीवरूनच झाली. मास्तरांच्या आईची कवळी बोलताना टकटक वाजायची. दवाखान्याने हात टेकले तेव्हा मास्तर तडक कारखान्यात गेले. बाईंनी कवळी घासून दिली, तरी वाजली. पुन्हा दिली, पुन्हा थोडी वाजली. मास्तर इतक्या वेळा आले, की शेवटी कवळी वाजायची थांबली तरी ते येत राहिले. मास्तर चांगले सहा फुटांचे. दोघं रस्त्याने निघाले की लोक वळून बघत. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. ते आपले बोलत बोलत, पावलं आखडून बाईंच्या चालीने चालत. बाईंनी होकार दिला तो त्या चालीसाठी.

मास्तरांच्या थोरल्या बहिणीला हे लग्न पसंत नव्हतं. जगाला काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्या निवळल्या, येऊ-जाऊ लागल्या. बाईही त्यांना ताईच म्हणत. पण आई गेल्यावरही घर ताईंच्या आईचंच होतं, स्वयंपाकघर आईचं, आणि काळ्या दगडाचा तो ओटाही आईचा. आई मुलासारखीच उंचीपुरी होती. ओटा तिच्या मापाचा होता आणि बाईंच्या हनुवटीला लागायचा. म्हणून घरात स्टुलं आली. ओट्यापाशी लाकडी, बाथरूममध्ये प्लास्टिकचं, कपाटापाशी लोखंडी. एक हलकं स्टूल बाई हातात घेऊनच फिरायच्या, कधी खिडकीच्या कडीसाठी, कधी पंख्याच्या बटणासाठी. कांदा चिरायचा तर चढा. मीठ विसरलं, उतरा. ते घेऊन पुन्हा चढा.

हात बरा होईस्तोवर बाई घरी बसून होत्या. बसल्या बसल्या त्यांनी सगळं घर खालून वर न्याहाळलं. आणि पट्टी सुटली त्या दिवशी मास्तरांना सांगितलं, की घराचं काम काढायचं. रंगबिंग नाही. ओटा, बेसिन, कपाटं, बटणं, सगळं खाली आणायचं आणि एकूण एक स्टूल घराबाहेर काढायचं. मास्तर लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं, चार दिवसांचं काम असेल.

पहिला डिझायनर मास्तरांच्या एका विद्यार्थ्याने सुचवला. त्याचं ऑफिस काचेचं होतं आणि टेबल एवढं उंच, की पलीकडून बाईंचे फक्त केस दिसत असणार. त्याने दोघांना कॉफी दिली आणि मास्तरांना विचारलं, "मॅडमना काय काय हवंय?" मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी सांगितलं. त्याने ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि मास्तरांना विचारलं, "मॅडमचं बजेट वगैरे काही ठरलंय का?" बाईंनी पुन्हा उत्तर दिलं. तासभर हे असंच चाललं. बाई बोलत होत्या आणि उत्तरं मास्तरांना मिळत होती, जणू त्या परदेशी पाहुण्या होत्या आणि मास्तर दुभाषे. शेवटी त्याने मोठ्या उत्साहाने एक चित्र काढून दाखवलं. ओट्याच्या खालून पायाने ओढलं की बाहेर येणारी एक पायरी. काम झालं की आत. वरून पत्ताही लागत नाही.

"म्हणजे स्टूलच," बाई म्हणाल्या.

"पण दिसणार नाही," तो मास्तरांना म्हणाला.

जिना उतरताना बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. स्टुलावरून पडलेल्या बाईला हा माणूस नवीन स्टूल विकत होता, आणि त्याचा मोठा गुण काय, तर ते लपतं. कुणापासून लपवायचं होतं? मास्तर म्हणाले, माणूस तसा वाईट नव्हता. बाई म्हणाल्या, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान तो माझ्याशी तरी बोलला असता.

दुसरी एक तरुण मुलगी होती. ती घरी आली आणि दारातच बाईंसमोर गुडघे टेकून बसली. लहान मुलांशी बोलतात तसा आवाज काढून म्हणाली, "किती छान ठेवलंय हो घर." बाईंच्या निम्म्या वयाची पोर. बाईंनी तिला उठून खुर्चीवर बसायला सांगितलं. पण मुलगी कामाची वाटली. तिने टेप काढून भिंती मोजल्या, सगळं फोनवर टिपून घेतलं, बाईंच्या उंचीचाही विचार करते म्हणाली. आठवड्याने ती कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं घेऊन आली. चित्रांत पांढरंशुभ्र स्वयंपाकघर होतं, खिडकीतून ऊन येत होतं, आणि ओट्यापाशी एक उंच, सडपातळ बाई कपातून काहीतरी पीत उभी होती.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

मुलगी हसली. ती चित्रात आपोआपच येते म्हणाली. मग बाईंनी ओट्याची उंची विचारली. मुलीने दोन-तीन वेळा शब्द जुळवले, आणि मग समजूत घालायच्या सुरात सांगितलं, की ओटा नेहमीच्याच उंचीचा ठेवणं शहाणपणाचं. बाईंसाठी समोर एक छानसा लांब चौथरा करू, अगदी फरशीला मिळताजुळता. कारण उद्या घर विकायचं झालं, तर घेणारा माणूस बुटका ओटा बघूनच परत जाईल.

"आम्ही घर विकत नाही आहोत."

"नाही, पण कधी ना कधी..."

बाईंनी चित्रं घडी करून परत दिली, मुलीला जिन्यापर्यंत सोडलं. पण तो घर घेणारा माणूस त्यांच्या डोक्यात बसला. ज्याचा पत्ता नाही, ज्याचा जन्म झालाय की नाही ठाऊक नाही, असा कुणी एक जण कधीतरी या घरात पाऊल टाकणार, आणि त्याची गैरसोय नको म्हणून बाईंनी मरेस्तोवर चौथऱ्यावर चढायचं. मेण वितळवताना, बसची वाट बघताना, झोपताना बाई मनातल्या मनात त्या माणसाला फाडून खात. त्याच्यासाठी सगळं जग आधीच त्याच्या मापाचं करून ठेवलेलं होतं. बँकेचा काउंटर, लिफ्टची वरची बटणं, पोस्टाची खिडकी, सगळं त्याचं. आणि आता त्याला बाईंचा ओटाही हवा होता.

तिसऱ्या मॅडम बाईंनी स्वतः शोधल्या. कारखान्याखाली चष्म्याचं एक दुकान नव्याने सजलं होतं. तिथे बाई गेल्या तेव्हा काउंटर त्यांच्या नाकासमोर आला नाही. एका बाजूने तो खाली उतरवलेला होता. दुकानदाराला विचारून बाईंनी नंबर घेतला. फोनवर या मॅडमनी आधी चक्क नकार दिला. म्हणाल्या, मी दुकानं करते, घरं करत नाही, घरातली माणसं भांडतात. बाई म्हणाल्या, आमच्याकडे भांडण नाही, मला काय हवं ते ठरलेलं आहे. पुढे हे बोलणं आठवून दोघींनाही हसू यायचं. पण ते फार पुढे.

मॅडम ठरल्या वेळेच्या बऱ्याच उशिरा आल्या, माफी मागितली नाही आणि चहा नको म्हणाल्या. गुडघ्यावर बसल्या नाहीत, आवाज बारीक केला नाही. बाईंना म्हणाल्या, "भिंतीला टेकून उभ्या राहा. हात असा वाकवा." आणि पेन्सिलीने बाईंच्या कोपराशी भिंतीवर रेघ मारली. मग रोज काय करता, कुठून काय घेता, हे स्टुलावर चढून-उतरून दाखवायला सांगितलं. बाई चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. मॅडम बघत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे रोज?"

मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि त्यांच्याही कोपराची रेघ भिंतीवर मारली. दोन रेघांमध्ये एवढं अंतर होतं, की तिघंही जरा वेळ बघत राहिले. मॅडमनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? मास्तर म्हणाले, मी रविवारी चहा करतो. मॅडमनी लिहून घेतलं. ठरलं असं, की ओटा बाईंच्या रेघेला. खिडकीपाशी मास्तरांच्या चहासाठी एक उंच फळी. मास्तरांना काही चिरायचं असेल तर खुर्ची घेऊन ओट्यापाशी बसायचं. मास्तरांनी मान डोलावली.

काम सुरू झालं. आईचा काळा दगड तीन गडी लावून उतरवावा लागला. स्वयंपाकघर बंद, म्हणून गॅस बाहेरच्या खोलीत टीपॉयवर मांडला. टीपॉय बसका. पहिल्या संध्याकाळी बाई भात टाकायला गेल्या, पातेल्यात वाकून पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण जमिनीवर उभ्या आहोत. तांदूळ वरून दिसत होते. पाण्याला आधण आलं ते वरून दिसत होतं. इतक्या वर्षांत स्टुलावरूनही त्यांना पातेल्याची फक्त कड दिसायची, आणि आत काय चाललंय ते वासावरून ओळखायला लागायचं. खोलीभर धूळ, भांडी खाटेखाली, पाणी बादलीत, तरी त्या दिवसांत बाईंनी जसा स्वयंपाक केला तसा आधी कधी केला नव्हता. गाणं गुणगुणत. मास्तर मात्र टीपॉयपाशी वाकून चहा करताना कण्हत. कंबर गेली माझी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बाई ऐकत आणि त्यांना आतल्या आत आश्चर्य वाटे. चार दिवसांत ज्याची कंबर जाते, त्याला वीस वर्षं शेजारी कुणी चढताना दिसलं नव्हतं.

त्याच सुमारास ताई येऊन गेल्या. बाई कारखान्यात होत्या. ताईंनी उतरवलेला दगड पाहिला, भिंतीवरच्या रेघा पाहिल्या आणि डोळ्यांना पदर लावला म्हणे. संध्याकाळी मास्तरांनी एवढंच सांगितलं, की ताई आली होती, तिला जरा वाईट वाटलं.

मग एका संध्याकाळी बाई घरी आल्या तर नवा दगड बसला होता. करडा, गुळगुळीत, त्याच्या कडा बाईंनीच पसंत केलेल्या. गवंडी हात धूत होता. बाई चप्पलही न काढता आत गेल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या. दगड त्यांच्या खांद्याशी आला.

आधी त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी भिंतीवरची रेघ शोधली. ती ओट्याच्या खाली, आतल्या बाजूला गाडली गेली होती. दात बसवणाऱ्या माणसाच्या हातून मापात केसभर चूक झाली तर तो रात्रभर झोपत नाही, आणि इथे वीतभर फरक होता.

गवंड्याला विचारलं. तो सहजपणे म्हणाला, "साहेबांनी वाढवून घेतलं ना. मॅडमलाही फोन केला होता त्यांनी." त्याला वाटलं, बाईंना माहीत असेल. बाईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, हो, तुमच्या यजमानांचा फोन आला, तुम्ही दोघांनी ठरवलंय असं म्हणाले. "मला का नाही विचारलंत?" बाई म्हणाल्या. मग मॅडम म्हणाल्या, "विचारायला हवं होतं." माणसाला माणूस समजणाऱ्या म्हणून बाईंनी त्यांना निवडलं होतं. त्यांनीसुद्धा एका पुरुषाच्या फोनवर वीतभर दगड वर चढवला होता. बाईंना हे फार लागलं.

मास्तर आले. बाई टीपॉयपाशी बसून होत्या. गॅस पेटवला नव्हता. मास्तरांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं. ते समोर येऊन बसले आणि आपणहून सांगायला लागले. ताई म्हणाली, भातुकलीच्या खेळासारखं दिसेल. आईचं स्वयंपाकघर, सगळे नातेवाईक येणार, हसतील. आणि मलाही वाटलं, माझीही कंबर आहे, घर दोघांचं आहे. "म्हणून मधलं काढलं," मास्तर म्हणाले. "दोघांनाही जमेल असं. तुला अगदी छोटंसं स्टूल पुरेल."

छोटंसं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज फारच सरळ निघाला.

"तुम्हाला जरासं वाकायला लागणार आणि मी परत स्टुलावर चढणार," त्या म्हणाल्या. "यात मधलं काय आहे?"

मास्तर म्हणाले, "तू इतकी वर्षं कधी काही बोलली नाहीस. मला कसं कळणार?"

हे खरं होतं. बाई कधी बोलल्या नव्हत्या. आणि त्यांना सगळ्यात जास्त संताप आला तो याच खऱ्या गोष्टीचा. बोलायला हवं होतं का? सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर चढणारी-उतरणारी बायको आणखी काय सांगणार होती? रस्त्यातून चालताना हाच माणूस न सांगता पावलं आखडत होता. लोकांदेखत त्याला सगळं दिसत होतं. घरात आल्यावर मात्र त्याची नजर ओट्याच्या वरूनच जात होती. बाईंनी त्याला हे सगळं सांगितलं. हातावरचा भाजल्याचा डाग पुढे करून सांगितलं. जगातल्या बाकी माणसांवर मी रागावते, तुमच्यावर आजवर कधी रागावले नाही, कारण तुम्ही त्यांच्यातले नाही असं समजत होते, हेही सांगितलं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. त्या दिवशी दोघांनी पावावर भागवलं.

सकाळी बाई कारखान्यात गेल्या नाहीत. गवंडी आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"हा पाडायचा," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीच्या रेघेपर्यंत खाली घ्यायचा."

गवंडी बाईंच्या डोक्यावरून आत बघायला लागला. मास्तर खुर्चीत पेपर धरून बसले होते.

"त्यांच्याकडे बघू नका. मी सांगतेय."

गवंडी हलला नाही. दगड नवा आहे, काढताना तुटला तर माझ्यावर नको, साहेबांना एकदा विचारून घेतो, असं काहीबाही पुटपुटला. मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "ती सांगतेय तसं करा." गवंड्याने लगेच छिन्नी उचलली.

बाईंचं काम झालं होतं. तरी त्यांना त्या क्षणी कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यांनी दोनदा सांगितलेलं हवेत गेलं आणि मास्तरांनी खुर्चीतून उठायचीही तसदी न घेता म्हटलेल्या चार शब्दांनी छिन्नी हलली. मास्तर मदत केल्याच्या समाधानात होते. बाईंनी त्यांना काही समजावलं नाही. सगळंच एका दिवसात समजावून सांगायची ताकद कुणाकडे असते? त्या दिवसभर गवंड्याच्या मागे उभ्या राहिल्या. दगड उतरला, विटा उतरल्या, रेघ पुन्हा उघडी पडली, तेव्हाच त्या बसल्या.

मॅडम दुपारी आल्या. या वेळी चहा घेतला. काम नीट करून देईन म्हणाल्या आणि दिलं. बेसिन, बटणं, कपाटाच्या कड्या, खिडकीची खिट्टी, सगळं खाली आलं. एक सोडून सगळी स्टुलं बाईंनी भंगारवाल्याला दिली. माळ्यावरचं काढायला मास्तरांना लागेल म्हणून एक ठेवलं.

ताई बघायला आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. बालवाडीतल्यासारखं दिसतंय म्हणाल्या. बाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, समोर कांदा आणि सुरी ठेवली. ताई नाराजीनेच चिरायला बसल्या. बसून चिरल्यामुळे गुडघे दुखले नाहीत, हे त्यांनी जाताना मान्य केलं, पण आईचा ओटा तो आईचाच, हेही सांगून गेल्या. बाईंनी वाद घातला नाही. आईचा ओटा आईसाठी चांगलाच होता.

मास्तर आता रोज भांडी घासतात. कुणी सांगितलं नाही, त्यांनीच अंगावर घेतलं. बेसिन खाली असल्यामुळे त्यांना फार वाकावं लागतं. मधूनमधून उभे राहून ते कमरेवर हात ठेवतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. बाई टेबलापाशी बसून बघत असतात. त्यांना नवऱ्याची दया येत नाही, आणि यायला हवी असंही वाटत नाही. कधीतरी त्या बामची बाटली काढून टेबलावर ठेवतात, तेवढंच.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. आपल्या कामांच्या संग्रहात हे स्वयंपाकघर घालायचं होतं, फोटो काढायला येऊ का? बाईंनी या म्हटलं. त्यांनी ओटा पुसून काढला, पातेली ओळीने लावली. मॅडम फोटोग्राफर घेऊन आल्या, पडदा सरकवून उजेड घेतला, चार फोटो नुसत्या ओट्याचे काढले. मग फोटोग्राफर बाईंना म्हणाला, तुम्ही जरा ओट्याशेजारी उभ्या राहता का? म्हणजे ओटा किती बुटका आहे ते लोकांना कळेल.

मॅडमनी जीभ चावली. त्या काही बोलणार, इतक्यात बाईंनी हात वर केला. त्या जागच्या हलल्या नाहीत. मास्तर खिडकीपाशी चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांना त्यांनी बोटाने पुढे बोलावलं.

"यांना उभं करा," बाई फोटोग्राफरला म्हणाल्या. "ओटा बरोबर आहे. माणूस जास्त उंच आहे."

मास्तर कप हातात घेऊन ओट्याशेजारी जाऊन उभे राहिले. ओटा त्यांच्या मांडीशी आला. फोटोग्राफरने फोटो काढला. फोटोत मास्तरांचं डोकं वरच्या कडेला जरासं कापलं गेलंय. मॅडमनी तो तसाच ठेवला.